‘स्थलांतरित’ असा शेरा

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला मत देता येत नाही, ही गोष्ट आमच्या बराकीत सर्वांनाच ठाऊक होती, आणि ती सर्वांनाच चुकीची ठाऊक होती. कोणी म्हणे मत सहा वर्षे बंद राहते, कोणी म्हणे कायमचे जाते. सहाचा आकडा अगदीच हवेतून आलेला नव्हता. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या माणसाला दोषी ठरल्यापासून सुटकेपर्यंत आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे लोकसभेची किंवा विधानसभेची निवडणूक लढवता येत नाही. ही बंदी पुढाऱ्यांच्या नावांसह वर्तमानपत्रांत वारंवार येते, आणि ती ऐकून ऐकून मतावरही तेवढीच बंदी असणार असा समज कैद्यांत आणि कैद्यांच्या घरच्यांत पक्का बसलेला असतो.

मला भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ खाली सात वर्षे सक्तमजुरी झाली होती. बांधाच्या वादात मी सख्ख्या चुलतभावावर कोयता उचलला, आणि त्याच्या उजव्या हाताची मूठ आजही पूर्ण मिटत नाही. त्याबद्दल येथे सफाई देण्याचा माझा विचार नाही. मार्च २०१७ मध्ये मी पक्का कैदी झालो आणि माफीचा, रजांचा व आधी भोगलेल्या दिवसांचा हिशेब होऊन ऑगस्ट २०२३ मध्ये सुटलो. अक्षर बरे आणि शिक्षण बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतचे असल्यामुळे कारागृहाच्या न्यायविभागात मला रायटरचे काम मिळाले होते. कैद्यांचे संचित रजेचे (फर्लो) आणि अभिवचन रजेचे (पॅरोल) अर्ज लिहायचे, अपिलांच्या कागदांची चळत लावायची, विधी सेवेच्या वकिलांसाठी टिपणे काढायची, असे ते काम होते. त्या खोलीतल्या कपाटात मुखपृष्ठ गेलेली काही कायद्याची पुस्तके होती. २०१९ मध्ये लोकसभेची आणि नंतर विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा, बाहेर मतदान चालू असताना आपण आत नेमके कोणत्या कलमामुळे बसलो आहोत, हे मी कुतूहलापोटी शोधून काढले.

ते त्याच १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२ चे पाचवे पोटकलम होते. जो माणूस कारागृहात बंदिस्त आहे किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याने कोणत्याही निवडणुकीत मत द्यायचे नाही, एवढेच ते म्हणते. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या माणसाला त्यातून सूट आहे. बंदी अंगाला चिकटलेली नाही, ती जागेला चिकटलेली आहे. माणूस दोषी आहे की निर्दोष, याच्याशी तिला काही देणेघेणे नाही. खटला चालू असताना मी जामिनावर बाहेर होतो आणि २०१४ मध्ये दोन्ही वेळा रांगेत उभे राहून मत देऊन आलो होतो. उलट तुरुंगात आमच्याच विभागात, म्हणजे सर्कलमध्ये, पाकीटमारीच्या आरोपाखाली आलेला एक पोरगा केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत होता, त्याच्यावर काहीही सिद्ध झालेले नव्हते, आणि त्याला मत नव्हते. देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कैदी असे कच्चे कैदी असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे कलम वैध ठरवले. जो स्वतःच्या वागण्यामुळे तुरुंगात गेला त्याला बाहेरच्या माणसाएवढे स्वातंत्र्य मागता येणार नाही, आणि सगळ्या कैद्यांचे मतदान घ्यायचे तर पोलीस बंदोबस्त व साधने पुरणार नाहीत, अशी कारणे त्यात आहेत. पहिले कारण मला माझ्यापुरते मान्य आहे. त्या पाकीटमार पोरापुरते मान्य नाही.

या कलमाला २०१३ मध्ये एक परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी पुरवणी ओळ, जोडले गेले. तुरुंगात असल्यामुळे मत देता येत नसले, तरी यादीत ज्याचे नाव आहे तो मतदार असण्याचे थांबत नाही, असे ते परंतुक सांगते. ते काही माझ्यासारख्यांची कणव येऊन घातलेले नव्हते. जो मत देऊ शकत नाही तो निवडणूकही लढवू शकत नाही, असा निकाल त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि खटले चालू असलेल्या, कोठडीतल्या उमेदवारांची पंचाईत झाली; त्यांची वाट मोकळी करण्यासाठी संसदेने ती ओळ घातली. पुढाऱ्यांसाठी बांधलेल्या त्या पुलावरून पुढे मलाही जावे लागेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हते.

एवढे वाचलेले असूनही सुटल्यावर मी नऊ महिने यादीकडे फिरकलो नाही. कोणत्याही सरकारी खिडकीपुढे उभे राहून आपले पूर्ण नाव सांगायचे म्हटले की पोटात गोळा येई. ७ मे २०२४ रोजी आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते. आईला केंद्रावर नेणे भाग होते, म्हणून गेलो, आणि गेलोच आहोत तर आपलेही नाव पाहावे म्हणून शाळेच्या फाटकाबाहेर चिठ्ठ्या वाटणाऱ्यांच्या टेबलाशी थांबलो. आईची चिठ्ठी लगेच निघाली. माझे नाव त्या मुलाने दोनदा शोधले, मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “काका, तुमचं बंद केलं असंल ना.” त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तो मला सांभाळूनच घेत होता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. आत केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनीही यादी चाळली आणि नाव नसल्यामुळे काही करता येणार नाही असे सांगितले, जे नियमाला धरूनच होते. जुने ओळखपत्र माझ्या खिशात होते, पण ओळखपत्र असणे वेगळे आणि यादीत नाव असणे वेगळे. मत यादीतल्या नावाला असते.

निकाल लागून आचारसंहिता उठल्यावर, जूनच्या मध्यात, मी तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत गेलो. तेथील लिपिकांनी संगणकावर पाहून नाव २०१८ मध्ये वगळल्याचे सांगितले आणि मग माझ्याकडे नीट पाहिले. गाव लहान, तालुकाही फार मोठा नाही.

“तुमची केस होती ना? मग असं करा, कोर्टाचा आदेश आणा. नाहीतर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तरी आणा.”

मी विचारले, “कशाचा आदेश, साहेब?”

“मतदानाचा हक्क परत दिल्याचा.”

असा आदेश आपल्याकडे नसतो, कारण हक्क काढून घेतल्याचाही आदेश नसतो. अमेरिकेत काही राज्यांत शिक्षेबरोबर मत खरोखरच जाते आणि ते परत मिळवावे लागते. फ्लोरिडात २०१८ मध्ये जवळजवळ ६५ टक्के मतदारांनी कौल देऊन शिक्षा पूर्ण केलेल्यांना, खून आणि लैंगिक गुन्ह्यांतले सोडून, हा हक्क परत दिला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने दंड आणि न्यायालयीन देणी फेडल्याखेरीज शिक्षा पूर्ण झाली असे धरायचे नाही असा कायदा केला. आपल्या कायद्यात तसले काही नाही. यादीत नाव घालण्यास कोण अपात्र, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १६ मध्ये आहे: जो भारताचा नागरिक नाही, ज्याला सक्षम न्यायालयाने विकल मनाचा ठरवले आहे, आणि जो निवडणुकीतील भ्रष्टाचार किंवा निवडणूकविषयक गुन्ह्यांबद्दल मतदानास अपात्र ठरला आहे तो. कोयता उचलणारा त्यात बसत नाही. हे मी त्यांना न्यायविभागातल्या सवयीने एका पानावर कलमांसह लिहून दिले. त्यांनी ते वाचले, “तुम्ही वकील आहात का?” असे विचारले, आणि मी नाही म्हटल्यावर कागद घेऊन नायब तहसीलदारांच्या खोलीत गेले. परत आल्यावर त्यांनी काही न बोलता नमुना ६ पुढे केला. त्यांचा राग मला आला नाही. त्यांचा समज आणि आमच्या बराकीचा समज एकच होता.

खरी अडचण त्या अर्जात होती. नमुना ६ हा २०२२ पासून नव्या मतदारांसाठीचा अर्ज आहे. पत्ता बदलायचा किंवा दुरुस्ती करायची तर नमुना ८ आहे. पण ज्याचे नाव होते, गेले आणि आता पुन्हा घालायचे आहे, अशा माणसासाठी वेगळा कागद नाही. त्यामुळे त्याने नव्या मतदाराचा अर्ज भरायचा आणि खाली प्रतिज्ञापनात, आपण यादीत नाव घालण्यासाठी प्रथमच अर्ज करीत आहोत, या वाक्याखाली सही करायची. त्याच्याच खाली, खोटे प्रतिज्ञापन केल्यास कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, हेही छापलेले असते. एरवी लोक हे वाचतही नाहीत. मी पेन टेबलावर ठेवले. पहिल्यांदा मी मतदार झालो तेव्हा एकविसाव्या वर्षी अर्ज भरला होता. आज ‘प्रथमच’ असे लिहून सही केली तर ते खोटे होते, आणि माझ्यासारख्याच्या हातून झालेले खोटे कोणी ‘अनवधान’ म्हणून सोडून देईल अशी माझी खात्री नव्हती.

दुसरा अडसर एका छोट्या रकान्याचा होता. या पत्त्यावर आपण कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या वर्षापासून राहता? लिपिक म्हणाले, “सुटल्याची तारीख घाला.” तसे घातले असते तर सहा वर्षे मी तुरुंगात वास्तव्याला होतो, असा कबुलीजबाब झाला असता, आणि कायदा नेमके तेच नाकारतो. १९५० च्या अधिनियमाचे कलम २० सांगते की, माणूस तुरुंगात ठेवला गेला म्हणून तो तिथला रहिवासी ठरत नाही, आणि घरापासून तात्पुरता दूर असला म्हणून घरचा रहिवासी असण्याचे थांबत नाही. माझे घर सगळा काळ माझेच होते, आई तिथे होती, माझे कपडे लोखंडी ट्रंकेत तिथेच होते. मी त्या रकान्यात जन्माचा महिना आणि वर्ष लिहिले. ‘प्रथमच’ या शब्दाला मात्र खाडाखोड करता येत नव्हती, म्हणून सोबत वेगळे पत्र जोडले: माझे नाव पूर्वी यादीत होते, ते २०१८ मध्ये वगळले गेले, वगळल्यानंतरचा हा माझा पहिला अर्ज आहे, आणि अर्जातील वाक्य या अर्थाने घ्यावे. नायब तहसीलदारांनी त्या पत्रावर आवक क्रमांक घालून पोच दिली. ती पोच मी अजून जपून ठेवली आहे, कारण उद्या कोणी विचारले तर माझ्याजवळ तेवढेच आहे.

वयासाठी दहावीचे प्रमाणपत्र जोडले. पत्त्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांत जमिनीच्या मालकीचे महसुली अभिलेखही धरले जातात, म्हणून सातबारा जोडला. ज्या गटाच्या बांधावरून सगळे झाले त्याच गटाचा तो उतारा होता. इतर हक्काच्या रकान्यात चुलतभावाचे नाव आहे.

नाव वगळले कोणी आणि कशावरून, हे कळल्याशिवाय मला स्वस्थता नव्हती. मनात एकच संशय होता, आणि तो कोणावर होता हे सांगायला नको. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून दिला आणि महिना पुरा होण्याआधी उत्तर आले. तीन पाने, पानाला दोन रुपये, म्हणून सहा रुपये भरले. वगळलेल्या नावांपुढे यादीत एक अक्षर असते. मृत असेल तर ‘ई’, स्थलांतरित असेल तर ‘एस’, अपात्र असेल तर ‘क्यू’. मी ‘क्यू’ची वाट पाहत होतो. माझ्यापुढे ‘एस’ होता. पहिल्या पानावर घरोघरच्या पडताळणीत केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनी, म्हणजे आमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या बीएलओंनी, लिहिलेला शेरा होता: सदर मतदार पत्त्यावर राहत नाहीत, कामानिमित्त कायम बाहेरगावी स्थलांतरित, असे घरच्यांनी सांगितले. दुसरे पान नोटिशीचे होते. वगळण्यापूर्वी माणसाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, ती कागदोपत्री दिलेली होती. खाली पोच म्हणून एक अंगठा होता, निळ्या शाईचा, डाव्या बाजूला फिसकटलेला, आणि त्याच्या शेजारी कोणीतरी आईचे नाव लिहून कंस केला होता. तिसऱ्या पानावर वगळल्याचा आदेश.

मी ते कागद आईपुढे धरले. तिला वाचता येत नाही, पण अंगठा तिने ओळखला. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “नवीन मास्तरीण हुती, परगावची. वही घिऊन आली, म्हणली पोरगा कुठाय. मग काय सांगायचं हुतं? जेलात हाय म्हणून?”

नोटीस कसली होती हे तिला कोणी वाचून दाखवले नव्हते, आणि वाचून दाखवले असते तरी सुनावणीला जाऊन तिने काय सांगितले असते? त्या बाईंनी ऐकले तेच लिहिले, कचेरीने नियमाप्रमाणे नोटीस काढली, मुदतीत कोणी आले नाही, नाव गेले. पायरी एकही चुकली नव्हती. परंतुक मात्र तेव्हाही पुस्तकात होतेच.

अर्जांची यादी नमुना ९ मध्ये कचेरीच्या फलकावर लागते आणि हरकतीसाठी सात दिवस असतात. त्या सात दिवसांत मी तीनदा जाऊन आलो. अनोळखी माणसाच्या अर्जावर कोण हरकत घेणार? पण माझा अर्ज अनोळखी माणसाचा नव्हता. हरकत आली नाही. त्यानंतर घरी पडताळणीला आल्या त्या अंगणवाडी सेविका. आमचे केंद्र आता त्यांच्याकडे आहे. त्यांनी ओसरीवर बसून कागद ताडून पाहिले, मोबाईलवर काहीतरी भरले, आणि “शेजारी कोण आहेत? विचारते फक्त” असे म्हणून उठल्या. शेजार म्हणजे एकच भिंत. पलीकडे तोच चुलतभाऊ.

मी त्यांना थांबवले नाही. दारातूनच त्यांनी माझे नाव घेऊन, हे इथेच राहतात का, असे विचारले. तो गोठ्यात होता, डाव्या हातात पेंडीची पाटी होती. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. “हो, राहतो,” एवढे म्हणाला, आणि बाईंनी सही मागितल्यावर पाटी खाली ठेवून, पेन बोटांच्या पकडीत न धरता मुठीत कसेबसे धरून, त्याने उजव्या हातानेच सही केली. सहीला बराच वेळ लागला. आमच्यात त्या दिवशी बोलणे झाले नाही आणि नंतरही फारसे झालेले नाही.

ऑगस्टअखेर अंतिम यादी आली, तीत नाव होते. ओळखपत्र टपालाने आले, नव्या क्रमांकाचे; फोटोत मी कचेरीतल्या खुर्चीवर बसल्यासारखाच दिसतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. चिठ्ठीच्या टेबलावर तोच मुलगा होता. त्याने माझी चिठ्ठी शोधून काढली आणि आईच्या चिठ्ठीला टाचणीने जोडून दिली. आत नाव मोठ्याने वाचले गेले, कोणी मान वर करून पाहिले नाही, रांग पुढे सरकली. मत कोणाला दिले ते आईनेही विचारले नाही.

तेव्हापासून अधूनमधून सुटून आलेली माणसे गाठ घेतात. माझ्या अनुभवावरून मी आता पहिल्यांदा अर्ज भरायला सांगत नाही. आधी यादी पाहायची, मतदार मदतवाहिनीच्या १९५० या फोन क्रमांकावर विचारायचे किंवा केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना गाठायचे, आणि नाव गेलेच असेल तर कोणत्या अक्षराखाली गेले ते पाहून मग नमुना ६. मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातला एक जण आला, साठीचा, जन्मठेप भोगून अकरा वर्षांपूर्वी सुटलेला. या अकरा वर्षांत तो मतदानाच्या दिवशी मुद्दाम शेतावर जाऊन बसत आला होता, कारण केंद्रावर कोणी हटकले तर सुनेसमोर शोभा होईल, असे त्याला वाटे. मी फोनवर त्याच्या गावाची यादी उघडली आणि त्याला शेजारी बसवून आडनावांवरून बोट खाली नेत गेलो. त्याचे नाव तिथेच होते, बायकोच्या नावाच्या वर, जुन्याच ओळखपत्र क्रमांकासह. ते कधी कोणी वगळलेच नव्हते. तो बराच वेळ फोनकडे पाहत राहिला, मग म्हणाला, याची झेरॉक्स निघेल का, आणि आम्ही दोघे चौकातल्या दुकानाकडे निघालो.